शॅमेलिऑनसाठी पिंजऱ्याचे माप कसे ठरवावे: कोल्हापूरच्या घरांसाठी मार्गदर्शन

शॅमेलिऑन पाळायचे ठरवलेला माणूस पिंजऱ्याविषयी विचारपूस करू लागला की त्याला बहुधा एकच उत्तर मिळते: दोन बाय दोन बाय चार फूट. पूर्ण वाढलेल्या व्हेल्ड किंवा पँथर जातीच्या नरासाठी हे माप, म्हणजे साधारण ६० × ६० × १२० सेंटिमीटर, अनुभवी पाळणारे किमान म्हणून धरतात आणि ते योग्यच आहे. मात्र हा आकडा कशातून आला हे माहीत नसेल, तर खोलीत बसत नाही म्हणून उंची फूटभर कमी करताना, किंवा स्वस्तात मिळाली म्हणून माशांची जुनी काचेची टाकी घरी आणताना, आपण नेमके काय गमावतो आहोत याचा अंदाज येत नाही. दिव्यापासूनच्या सुरक्षित अंतराखाली आणि तळाच्या कुंड्यांच्या वर जी जागा उरते, तेवढीच त्या प्राण्याच्या उपयोगाची असते. मापाचा हिशेब तिथून सुरू करावा.

त्याआधी कायद्याची बाजू स्पष्ट असायला हवी. आपल्याकडच्या उसाच्या बांधावर, बाभळीवर किंवा रस्ता ओलांडताना दिसणारा घोयरा सरडा हा भारतीय शॅमेलिऑन आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणे, घरात ठेवणे किंवा विकणे हा गुन्हा ठरतो. तो विषारीही नाही, त्यामुळे शेतात दिसला तर त्याला मारू नये. जखमी आढळला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. व्हेल्ड, पँथर, जॅक्सन या परदेशी जाती ‘साइट्स’ या, धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. असा प्राणी घरी आणल्यावर तीस दिवसांच्या आत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करणे २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. विक्रेत्याकडून प्राण्याच्या मुळाची कागदपत्रे मिळत नसतील, तर पिंजऱ्याच्या मापाचा विचार करण्यापूर्वीच तो व्यवहार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

माप ठरवताना समोरचे पिल्लू आज किती मोठे आहे याला महत्त्व नाही. त्याची पूर्ण वाढ किती होणार हे पाहावे. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला व्हेल्ड शॅमेलिऑन या पाळीव जातींमध्ये मोठा असतो. नराची शेपटीसह लांबी ४५ ते ६० सेंटिमीटरपर्यंत जाते, मादी साधारण ३० ते ३५ सेंटिमीटरची होते. मादागास्करचा पँथर नर ४० ते ५० सेंटिमीटरचा आणि मादी त्याहून बरीच लहान असते. पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातला, तीन शिंगांचा जॅक्सन २० ते ३० सेंटिमीटरचा असतो. त्याला ४५ × ४५ × ९० सेंटिमीटरचा पिंजरा पुरतो, पण थंड रात्री आणि सौम्य दिवस यांची त्याला निसर्गतः सवय असल्याने कोल्हापूरचा एप्रिल-मे वातानुकूलित खोलीशिवाय त्याला सोसणार नाही. बोटभर लांबीच्या, जमिनीलगत राहणाऱ्या बुटक्या जातींचे गणित पूर्ण निराळे आहे. त्यांना उंचीपेक्षा तळाची जागा लागते आणि येथे सांगितलेले पुढचे हिशेब त्यांना लागू पडत नाहीत.

आता उंची. शॅमेलिऑन झाडावर राहणारा प्राणी आहे. धोका वाटला की तो वर चढतो, ऊन हवे असले की वर येतो आणि अंग तापले की पानांत खाली उतरतो. पिंजऱ्याच्या छतावर बाहेरून दोन दिवे असतात: एक उष्णतेचा बल्ब आणि दुसरी यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपैकी एका प्रकारच्या किरणांची ट्यूब. यूव्हीबी मिळाले नाही तर त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खाद्यातले कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही आणि हाडे मऊ पडून वाकू लागतात. उलट, दिवा फार जवळ असेल तर पाठीच्या कण्यावर आणि डोक्यावरच्या तुऱ्यावर भाजल्याच्या जखमा होतात, कारण हा प्राणी उष्णतेपासून वेळीच बाजूला होईलच असे नसते. म्हणून ऊन खाण्याची सर्वांत वरची फांदी छताच्या जाळीपासून साधारण २५ सेंटिमीटर खाली ठेवावी लागते. फांदीवर बसलेल्या प्राण्याची पाठ फांदीच्या पाच-सहा सेंटिमीटर वर येते, हेही त्या अंतरात धरलेले असावे. तळाशी पाण्याचा निचरा आणि कुंड्या यांत आणखी सुमारे २० सेंटिमीटर जातात.

हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. १२० सेंटिमीटर उंचीच्या पिंजऱ्यातून वरचे २५ आणि खालचे २० वजा केले, तर ७५ सेंटिमीटर उरतात. ९० सेंटिमीटरच्या पिंजऱ्यात ४५ उरतात. ६० सेंटिमीटरच्या पिंजऱ्यात फक्त १५ उरतात. म्हणजे बाहेरची उंची निम्मी झाली की उपयोगाची उंची पाचव्या हिश्शावर येते, कारण दिव्याचे अंतर आणि कुंडीची उंची पिंजऱ्याबरोबर लहान होत नाहीत. अर्धा मीटर लांबीच्या नराला १५ सेंटिमीटरच्या पट्टीत ठेवणे म्हणजे त्याला चढण्या-उतरण्याची निवडच नाकारणे आहे. ‘थोडा लहान पिंजरा चालेल का’ या प्रश्नाचे उत्तर या वजाबाकीतच मिळते.

रुंदी आणि खोली यांकडे उंचीइतके लक्ष दिले जात नाही, हे मला खटकते. शॅमेलिऑनची जीभ त्याच्या धडाच्या दीड ते दोन पट लांब जाते. नाकपुडीपासून शेपटीच्या मुळापर्यंत २० सेंटिमीटर भरणारा नर ३० ते ४० सेंटिमीटरवरचा किडा टिपू शकतो. ३० सेंटिमीटर रुंदीच्या पिंजऱ्यात त्याला तसा नेम धरण्याइतके अंतरच मिळत नाही. किडा एक तर अगदी तोंडाशी असतो किंवा जाळीला चिकटलेला असतो, आणि जाळीवर जीभ आपटल्याने ती दुखावण्याची शक्यता वाढते. शिवाय पिंजऱ्याच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला दाट सावली, असे दोन प्रदेश तयार व्हायचे असतील तर मधे अंतर हवेच. ४५ × ४५ × ९० सेंटिमीटरच्या पिंजऱ्याचे आकारमान सुमारे १८२ लिटर होते आणि ६० × ६० × १२० चे ४३२ लिटर. प्रत्येक बाजूने केवळ वीत-दीड वीत वाढ दिसते, पण आतली जागा दुपटीहून अधिक होते. खोलीत जागा असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर १२० च्या पुढे उंची वाढवण्याऐवजी रुंदी ९० सेंटिमीटर करावी. आडव्या फांद्यांना लांबी मिळते आणि दिवसभर इकडून तिकडे फिरणारा नर ती खरोखर वापरतो.

मादीसाठी लहान पिंजरा चालतो असे सर्रास सांगितले जाते. ४५ × ४५ × ९० हे तिचे प्रचलित किमान माप आहे. व्हेल्ड मादीच्या बाबतीत हे माप मला अपुरे वाटते, आणि त्याचे कारण अंडी हे आहे. नराशी संबंध आला नाही तरी ती अंडी घालते, एका वेळी कित्येक डझन घालू शकते, आणि खणायला योग्य जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. त्यासाठी निदान ३० × ३० सेंटिमीटर तोंडाचे आणि ३० सेंटिमीटर खोल, ओलसर वाळू-मातीने भरलेले भांडे पिंजऱ्यात कायम असावे. मातीचा ओलावा इतकाच ठेवावा की खणलेले भुयार कोसळणार नाही. ४५ सेंटिमीटरच्या चौकोनी तळावर असे भांडे ठेवले की कुंडीसाठी जेमतेम एक अरुंद पट्टी राहते. तळ ६० × ६० चा असेल, तर भांडे एका कोपऱ्यात बसते आणि उरलेल्या भागात झाडे राहतात. म्हणून मादीसाठी किमान ६० × ६० × ९० आणि शक्य असल्यास नराइतकाच पिंजरा घ्यावा. ती खणत असताना कोणी पाहते आहे असे तिला वाटले तर ती काम अर्धवट सोडते, त्यामुळे भांड्यासमोरची बाजू झाकता येईल अशी सोय सुरुवातीलाच करून ठेवावी.

पिल्लाला मोठ्या पिंजऱ्यात भीती वाटते, हा समज अर्धाच खरा आहे. मोकळ्या, उघड्या जागेत त्याला भीती वाटते आणि मोठ्या पिंजऱ्यात किडे शोधताना ते उपाशी राहू शकते. या दोन्ही अडचणी दाट झाडे आणि ठरलेल्या जागी टांगलेली खाद्याची वाटी यांनी सुटतात. तीन महिन्यांचे पिल्लू आणले असेल, तर पहिले काही महिने ४० × ४० × ७५ सेंटिमीटरच्या पिंजऱ्यात ते रोज नीट दिसते, किती खाते ते कळते, हा लाभ खरा आहे. पण व्हेल्ड आठ ते बारा महिन्यांत पूर्ण वाढतो. दोन वेळा पिंजरे घेण्याइतका पैसा हाताशी नसेल, तर पहिल्याच दिवशी मोठा पिंजरा घेऊन तो हिरवाईने भरावा. पैसे वाचवण्यासाठी लहान पिंजरा घेऊन ‘पुढे बघू’ म्हणू नये. ते ‘पुढे’ पहिल्याच वर्षात येऊन ठेपते. आणि एका पिंजऱ्यात एकच शॅमेलिऑन, हा नियम कोणत्याही मापाला लागू आहे. दोन पिंजरे शेजारी असतील तर मधे अपारदर्शक पडदी हवी, कारण समोर सतत दुसरा नर दिसणे हाही त्यांना ताणच असतो.

कोल्हापूरच्या हवेचा विचार केल्याशिवाय कोणतेही परदेशी कोष्टक इथे जसेच्या तसे वापरता येत नाही. ऊन खाण्याच्या फांदीवर व्हेल्डसाठी २९ ते ३२ अंश सेल्सिअस आणि पिंजऱ्याच्या खालच्या, सावलीच्या भागात २२ ते २६ अंश असावेत, अशी अपेक्षा असते. रात्री पारा आणखी उतरलेला चांगला. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर ३८ अंशांच्या पुढे आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली त्याहून असह्य अशी स्थिती असते. लहान पिंजऱ्यात अशा वेळी बल्ब लावला की वर-खाली सगळीकडे सारखेच तापते आणि प्राण्याला पळायला जागा उरत नाही. मोठ्या आणि उंच पिंजऱ्यात वर ऊन आणि खाली गारवा हा फरक टिकून राहतो. मोठ्या मापाचा हा सर्वांत मोठा फायदा मी मानतो. एप्रिल-मेमध्ये खोलीच तापत असेल तर उष्णतेचा बल्ब सकाळच्या तासा-दोन तासांपुरताच लावावा, यूव्हीबी मात्र नेहमीसारखी चालू ठेवावी.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये शहराची हवा दिवस-रात्र दमट असते, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. अशा हवेत चारही बाजूंनी काच असलेल्या टाकीत हवा कोंडते, बुरशी धरते आणि शॅमेलिऑनला श्वसनाचा संसर्ग होतो. काचेत स्वतःचे प्रतिबिंब पाहून तो अस्वस्थ होतो ते वेगळेच. म्हणून आपल्या हवेत चारही बाजूंनी जाळी आणि उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांत मागची व दोन्ही बगला झाकता येतील अशी पीव्हीसी शीट, ही रचना मला सर्वांत योग्य वाटते. शीट काढता-घालता येईल अशा खाचा चौकटीला ठेवल्या की एकच पिंजरा बारा महिने चालतो. हिवाळ्याच्या रात्री खोलीतला पारा १५ अंशांच्या आसपास गेला तरी निरोगी, वाढलेल्या व्हेल्डला दिवसा नीट ऊन मिळत असेल तर त्याचा त्रास होत नाही. पिल्लांसाठी मात्र खोली बंद ठेवावी.

पिंजरा कुठे ठेवायचा हे ठरल्याखेरीज माप पक्के करू नये. शॅमेलिऑनला माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा त्याहून वर बसायला मिळाले की तो निर्धास्त राहतो. १२० सेंटिमीटरचा पिंजरा ६० ते ७५ सेंटिमीटरच्या स्टँडवर ठेवला, तर छत १८० ते १९५ सेंटिमीटरवर जाते आणि त्यावर दिव्यांसाठी निदान २५-३० सेंटिमीटर मोकळे लागतात. राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये ही उंची सहज मिळते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ इथल्या जुन्या घरांत माळ्याच्या तुळईखाली ती मिळेलच असे नाही. टेप लावून तुळईच्या खालच्या कडेपासून मोजावे. दरवाजाची रुंदी आणि जिन्याचे वळणही त्याच वेळी मोजावे, कारण ९० सेंटिमीटर रुंदीची जोडलेली चौकट अरुंद जिन्यात अडकते. पंख्याच्या थेट खाली, फोडणीचा धूर येणाऱ्या स्वयंपाकघराच्या दाराशी, देवघरातल्या उदबत्तीजवळ किंवा डासांच्या कॉइलच्या खोलीत पिंजरा ठेवू नये. पश्चिमेच्या खिडकीतून काचेआडून येणारे ऊन तापवते खूप, पण त्यातून यूव्हीबी मिळत नाही.

नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मापात धरावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शहराच्या किती भागांत पाणी शिरले हे सर्वांना ठाऊक आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न पाहता प्राणी हलवता आला पाहिजे. यासाठी तळमजल्यावरच्या घरात मोठा पिंजरा सुट्या भागांत उलगडता येईल असाच करून घ्यावा, आणि ४० × ४० × ७५ चा एक लहान पिंजरा कायम हाताशी ठेवावा. पिल्लासाठी घेतलेला पिंजरा विकून न टाकता याच कामासाठी जपून ठेवणे शहाणपणाचे आहे.

तयार पिंजरा ऑनलाइन मागवण्यापेक्षा शिवाजी उद्यमनगरात ॲल्युमिनियमच्या सेक्शनमध्ये करून घेणे मी पसंत करतो. आपल्या खोलीला साजेसे माप मिळते, आणि इथल्या कारागिरांचा हात चांगला आहे. मात्र सांगताना ‘दोन बाय दोन बाय चार’ एवढेच सांगून थांबू नये. हे माप आतून आतून हवे आहे हे लिहून द्यावे. जाळी निवडताना विशेष काळजी घ्यावी. शॅमेलिऑनचा पाय जवळून पाहिला तर त्याची बोटे दोन आणि तीन अशा दोन जुड्यांत विभागलेली दिसतात, आणि प्रत्येक बोटाला सुईसारखी बारीक नखी असते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी तार त्याने पकडली, की पिळलेल्या तारेच्या गाठीत नखी अडकते आणि पाय ओढताना मुळासकट निघते. मच्छरदाणीची फायबर जाळी नखांना मऊ असते, पण रातकिडे ती कुरतडून बाहेर पडतात. पीव्हीसीचे आवरण असलेली, पाव ते अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश यांत उत्तम. अर्ध्या इंचातून बारीक किडे निसटत असतील तर खाद्य वाटीतूनच द्यावे. समोर दोन दरवाजे घ्यावेत, मोठा वर आणि लहान खाली, म्हणजे तळाचा ट्रे काढताना प्राण्याला धक्का लागत नाही. चौकटीला आतून आडव्या पट्ट्या हव्यात, कारण भिजलेल्या फांद्यांचे आणि वेलींचे वजन जाळीवर टाकले तर ती पहिल्या पावसाळ्यातच सैल पडते. यूव्हीबीची २४ वॅटची ट्यूब सुमारे ५५ सेंटिमीटर लांब असते. ६० च्या छतावर ती नेमकी बसते, ४५ च्या छतावरून बाहेर येते.

रिकामा मोठा पिंजरा शॅमेलिऑनला लहान पिंजऱ्याइतकाच जाचक असतो. त्याच्या पंज्यात बसतील अशा वेगवेगळ्या जाडीच्या, खडबडीत सालीच्या फांद्या आडव्या आणि तिरप्या लावाव्यात. आंबा, पेरू यांच्या फांद्या, कीटकनाशक न मारलेल्या झाडाच्या, धुऊन आणि उन्हात वाळवून वापराव्यात. मनी प्लांट, जास्वंद आणि फायकस ही झाडे आपल्याकडे सहज वाढतात आणि पाळणारे ती नेहमी वापरतात. व्हेल्ड पाने कुरतडतो, म्हणून जास्वंद त्याला विशेष मानवते. कण्हेर आणि डायफेनबॅकिया पूर्ण टाळावीत. निम्म्याहून अधिक जागा पानांनी भरली आणि तरीही ऊन खाण्याची फांदी मोकळी राहिली, तर माप योग्य वापरले गेले असे समजावे.

सर्व जोडणी झाल्यावर प्राणी लगेच आणू नये. आठवडाभर दिवे आणि पाण्याचा फवारा ठरलेल्या वेळी चालवून वरच्या फांदीवर, मध्यावर आणि तळाच्या सावलीत असे तीन ठिकाणचे तापमान सकाळी, भर दुपारी आणि रात्री लिहून ठेवावे. तिन्ही आकड्यांत दुपारी पाच अंशांचाही फरक पडत नसेल, तर बल्ब अधिक ताकदीचा आहे किंवा पिंजरा अपुरा आहे. आधी बल्ब कमी वॅटचा लावून पाहावा. प्राणी आल्यावर पहिले काही दिवस तो लपून राहतो, ते स्वाभाविक आहे. दोन-तीन आठवड्यांनंतरही तो दिवसभर जाळीवर चढ-उतार करत असेल, गडद तपकिरी रंगात राहत असेल किंवा एकाच कोपऱ्यात छताला लटकत असेल, तर आधी आडोसा आणि पिंजऱ्याची उंचीवरची जागा तपासावी, मग दिव्याचे अंतर तपासावे, आणि त्यानेही फरक पडला नाही तर रुंदी वाढवण्याची तयारी ठेवावी. तोंड उघडे ठेवून बसणे वरच्या फांदीवर दिसले तर ते बहुधा उष्णतेचे लक्षण असते. सावलीतही दिसले, किंवा श्वासाबरोबर आवाज येत असेल, तर पिंजऱ्यात फेरबदल करत न बसता त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाला दाखवावे.